अत्तराच्या डब्यांतली काडतुसं

रिझवींनी बंदूक ठेवून घेतली आणि काडतुसं परत केली.

"बंदूक सर-आँखों पर," ते म्हणाले. "मगर ये..." शर्मिष्ठाने नमुन्याला आणलेल्या रेवड्यांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी दोन बोटं घातली आणि आतली काडतुसं हलवून पाहिली, सुपातले तांदूळ हलवून खडे शोधावेत तशी. "ये मैं ऐसे नहीं रख सकता, बेटी."

शर्मिष्ठाला वाटलं होतं, काम अर्ध्या तासाचं आहे. बाबांना जाऊन वीस दिवस झाले होते. सुभेदार मेजर आत्माराम शेडगे, मूळ वडूजचे, सैन्याच्या नेमबाजी संघातून निवृत्त झाले आणि गावाकडे न जाता लखनौलाच राहिले. विकास नगरात घर बांधलं, वीस वर्षं रेंजवर मुलामुलींना उडत्या तबकड्या फोडायला शिकवलं. बंदूक एकच, एकावर एक नळ्यांची दुनाळी. तिची काडतुसं ते घरीच भरायचे. त्याचा वेगळा परवाना होता, गच्चीवरच्या खोलीत हाताने ओढायचं यंत्र होतं, आणि उडवून झालेल्या पुंगळ्या परत भरून वापरण्यात त्यांना बाजारातून भाजी स्वस्त आणल्यासारखा आनंद व्हायचा.

आता बंदूक शर्मिष्ठाच्या नावावर व्हायची होती. वारस म्हणून तिने अर्ज दिला होता, आणि परवाना हातात येईपर्यंत सगळं रिझवींच्या बंदुकांच्या दुकानात जमा ठेवायचं ठरलं होतं.

"अडचण काय आहे?" तिने हिंदीत विचारलं.

"अडचन ये है कि ये हाथ का माल है." रिझवी सत्तरीचे होते. बोलताना घाई करत नसत. "कारख़ाने का कारतूस सब एक-सा होता है. हाथ का हर एक अलग. डिब्बे में सब गड्डमड्ड पड़े हैं, कौन कब का, किसमें कौन-सा छर्रा, मैं क्या बताऊँ? मेरे यहाँ क़ायदा है, पच्चीस का डिब्बा, हर एक अपने ख़ाने में खड़ा हो, ऊपर तारीख़ और छर्रे का नंबर. सनीचर तक ले आइए. वरना मुझे तलफ़ करवाने पड़ेंगे."

"तलफ़?"

"ज़ाया. नष्ट."

असे डबे कुठे मिळतील, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी कपाटातून एक हिरवा प्लॅस्टिकचा डबा काढून दाखवला. झाकणाला बिजागरी, आत पंचवीस गोल खण. किंमत साडेअकराशे.

"एका डब्याची?"

"विलायती है," रिझवी जरा ओशाळून म्हणाले. "साहब से मैं बीस साल कहता रहा कि ले लीजिए. कहते थे, रिज़वी, इतने में तो दो महीने का छर्रा आ जाएगा."

हे वाक्य बाबांचंच होतं, शंका नाही. शर्मिष्ठाने रेवड्यांचा डबा पिशवीत घातला आणि ती घरी आली.

घरी सुजयने बाकीचे डबे आधीच खाली आणून ठेवले होते. सुजय तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. ती लग्न होऊन कोल्हापूरला गेली तेव्हा तो शाळेत होता. सगळं शिक्षण लखनौचं, नोकरी लखनौची, बायको कानपूरची. मराठी त्याला पूर्ण समजायची, पण उत्तर हिंदीत यायचं.

"तुम्हारे वाला मिलाके नौ डिब्बे हैं," तो म्हणाला. "उसमें चार तो खाली हैं, पापा ने ख़ुद लिखा है. वो मैंने अलग रख दिए, कबाड़ी को दे दूँगा. पाँच भरे हुए हैं. ये ले जाओ, बात ख़तम."

"ते असे घेत नाहीत." तिने रिझवींची अट सांगितली, किंमत सांगितली.

"तो नष्ट करवा दो ना, ताई. यार, घर में दो छोटी बच्चियाँ हैं. मुझे तो नींद नहीं आती."

"शनिवारी जातील घरातून. डब्यांत घालून जातील."

"पर तुमको चाहिए किसलिए? बंदूक समझता हूँ. कारतूस तो नए भी मिलते हैं."

आई गेली त्या वर्षी तिच्या हातचं लिंबाचं लोणचं बरणीत होतं, ते त्यांनी वर्षभर पुरवून खाल्लं. बाबांनी मागे लोणचं ठेवलं नव्हतं. कपडे वाटून झाले होते, चष्मा सुजयच्या खणात होता. त्यांच्या हाताने केलेलं असं घरात एवढंच राहिलं होतं.

"मला ती उडवायची आहेत," ती म्हणाली. "त्यांच्याच बंदुकीतून. रेंजवर जाऊन. एकेक करून."

सुजयने खांदे उडवले.

तिने पाचही डबे जेवणाच्या टेबलावर रिकामे करून मोजले. प्रत्येक डब्यावर बाबांच्या अक्षरात काळ्या मार्करने 'वर' लिहिलेलं होतं. माळ्यावर वर ठेवायचे, म्हणून लिहिलं असेल, असं तिला वाटलं. प्रत्येकाच्या तळाशी तारखेची चिठ्ठी होती, तिच्यावर छऱ्याचा नंबर होता. दोनशे अडतीस काडतुसं भरली. म्हणजे पंचवीसचे दहा डबे. विलायती डबे घ्यायचे तर साडेअकरा हजार. बाबांनी तिला वरून शिवी दिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक रिकामी पुंगळी माप म्हणून पर्समध्ये टाकून ती निशातगंजला गेली. पहिल्या दुकानात बर्फाचे ट्रे होते. खण चौकोनी, पण उथळ. दुसऱ्या दुकानात दागिन्यांच्या खणांचे डबे होते. त्यात पुंगळी आडवी राहत होती, उभी नाही. तिसऱ्या दुकानदाराने पुंगळी हातात घेऊन लाल प्लॅस्टिक उजेडात धरलं आणि खालच्या पितळी टोपीवरून अंगठा फिरवला.

"लिपस्टिक का होल्डर है, मैडम?"

"नाही. बंदुकीची गोळी असते ना, तिचं आवरण."

त्याने ती काउंटरवर अशी ठेवली जणू तिचा चटका बसला होता. मग अंड्यांचे ट्रे दाखवले. अंड्याच्या खळग्यात पुंगळी तिरकी कलंडत होती, रांगेत दारू पिऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखी. होमिओपॅथीच्या दुकानात औषधांच्या बाटल्यांच्या लाकडी पेट्या होत्या. खण अगदी बेताचे, पण पुंगळी एक सूत जाड. दुकानातल्या बाईंनी मात्र पत्ता सांगितला. "अमीनाबाद चली जाइए. इत्र वालों के डिब्बे जो बनाता है, उसको नाप दे दीजिए. वो तो हाथी का भी डिब्बा बना दे."

अमीनाबादेत रिक्षा सोडून चालत जावं लागलं. कपड्यांच्या ठेल्यांमागे एका बोळात अख्तरभाईंचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, पुठ्ठ्याचे गठ्ठे, खळीचा वास आणि उंच फळीच्या गल्ल्यामागे बसलेले स्वतः अख्तरभाई. ते कुणाशी तरी फोनवर भांडत होते. फोन कानाशी तसाच ठेवून त्यांनी हनुवटीने विचारलं, काय पाहिजे.

"डिब्बे चाहिए. पच्चीस ख़ानों के."

"खाली?" अख्तरभाईंनी विचारलं.

शर्मिष्ठा वाकली. फळीच्या खाली पाहिलं. तिथे खळीची बादली होती आणि एक मांजर झोपलेलं होतं.

"बीबी, नीचे क्या ढूँढ रही हैं?" अख्तरभाईंनी फोन ठेवला. "मैंने पूछा, डिब्बे खाली चाहिए, या शीशियों के साथ?"

आतल्या खोलीत कुणीतरी हसलं. शर्मिष्ठाही हसली. बावीस वर्षं कोल्हापुरात राहून कान मराठी झाले होते. 'खाली' म्हटलं की मान खाली जाणारच. लहानपणी इथे राहत होतो तेव्हा असं होत नसे, असं ती सांगणार होती, आणि तिला बाबांचं अक्षर आठवलं.

बाबा चाळीस वर्षं लखनौत राहिले. दूधवाल्याशी, साहेबांशी, नातींशी हिंदीत बोलले. पण लिहायचे फक्त मराठीत. वाण्याची यादीसुद्धा मराठीत, मग सुजयची बायको ती दुकानदाराला वाचून दाखवताना घोटाळे करायची.

पाच डब्यांवर 'वर' होतं. चारांवर 'खाली'.

माळ्याचा काही संबंधच नव्हता. ती चौदा वर्षांची असताना रेंजवर बाबांनी तिच्या खांद्याला बंदूक लावून दिली होती आणि सांगितलं होतं, पहिला बार खालच्या नळीचा, तबकडी जवळ असते. चुकलीस तर वरचा, तोवर ती लांब गेलेली असते. म्हणून दोन्ही नळ्यांची काडतुसं वेगळी. खालची आणि वरची.

तिने फोन लावला.

"सुजय, ते चार डबे कुठे आहेत?"

"कौन-से? खाली वाले? अभी-अभी ले गया रामसजीवन."

"ते रिकामे नाहीत."

"क्या मतलब? पापा ने लिखा है..."

"मराठीत लिहिलंय, गाढवा! खाली म्हणजे नीचे. नीचे की नली. भरलेली आहेत ती सगळी. पळ!"

पलीकडून खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

अख्तरभाईंना बहुतेक सगळं कळलं होतं, कारण 'नली' हा शब्द त्यांनी ऐकला होता आणि तिच्या हातातली पुंगळी पाहिली होती. त्यांनी खुणेने ती मागून घेतली, फूटपट्टीवर धरली, पुठ्ठ्याच्या कपट्यावर आकडे लिहिले. "आप जाइए. नाप मेरे पास है. कितने बनेंगे?"

"दहा," ती म्हणाली. मग, "अठारह. अठारह बनाइए. कितने के होंगे?"

"चालीस का एक. मोटे गत्ते का, ढक्कन समेत. जुमे की सुबह ले जाइए."

परत येताना ई-रिक्षा प्रत्येक चौकात अडली. शर्मिष्ठा पुढच्या दांडीला धरून बसली होती. दोनशेच्या आसपास जिवंत काडतुसं भंगाराच्या ठेल्यावर. पितळ वेगळं काढायला भंगारवाले हातोडी वापरतात, हे तिने पाहिलेलं होतं. आणि ते काही झालं नाही तरी ठाण्यात जाऊन काय सांगणार? शेडगे साहेबांची काडतुसं रद्दीत गेली, कारण त्यांच्या मुलाला वाचता येतं पण भलत्या भाषेत?

घराच्या फाटकात तिघं उभे होते: सुजय, रामसजीवन आणि ठेला. चारही डबे फाटकाच्या आत, तुळशीच्या कुंडीजवळ रांगेत ठेवलेले.

"दीदी, हमने तो उठाते ही कहा था," रामसजीवन तिला पाहताच सुरू झाला. "भैया, खाली डिब्बा इतना भारी? भैया बोले, लोहा होगा, ले जाओ. हम बोले, ठीक है, साहब का घर है, लोहा होगा. फिर ये स्कूटर लेके ऐसे आए जैसे हमने बच्चा उठा लिया हो."

"उघडले होतेस का?"

"हम काहे खोलें? वज़न का धंधा है, देखने का थोड़े है."

तिने त्याला सरबत दिलं आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा वर दिला. तो गेल्यावर सुजय पायरीवर बसला. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"पापा को हिंदी में लिखना चाहिए था," तो म्हणाला.

"बाबांना काय माहीत, तू वाचशील."

"मतलब?"

"मतलब काही नाही. त्या खोलीत तू कधी गेलास?"

"और तुम? साल में एक बार, चार दिन."

हे खरं होतं. दोघांनी मिळून डबे आत नेले आणि कपाटाला कुलूप लावलं.

शुक्रवारी सकाळी अख्तरभाईंकडून अठरा डबे आले. पांढरा जाड पुठ्ठा, आत पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेले पंचवीस खण. आतल्या बाजूला केवड्याचा मंद वास राहिलेला. काडतूस आत सोडलं की अंगाला धरून बसत होतं, हललं तरी वाजत नव्हतं. साडेअकराशेच्या विलायती डब्याहून हे तिला काकणभर सरसच वाटले.

दुपारी मुली शाळेत असताना तिने टेबलावर कागद पसरला. आधी 'वर'चे डबे घेतले. तारखेप्रमाणे एकेक काडतूस खणात उभं करत गेली. पत्र्याच्या डब्यात ती नुसती लाल-पिवळी खिचडी होती. इथे प्रत्येकाचं तोंड वर होतं, आणि प्रत्येक तोंडाच्या सहा घड्या मधोमध एकाच बिंदूत मिळालेल्या, करंजीची मुरड घातल्यासारख्या. पंचवीसच्या पंचवीस एका उंचीच्या. पट्टी आडवी धरून पाहिली, कुठे फट दिसली नाही. दहा डबे भरले, दहाव्यात तेरा.

मग 'खाली'. पहिल्या दोन पत्र्याच्या डब्यांतली तशीच निघाली. तिसऱ्यातल्या चिठ्ठीवर गेल्या दिवाळीनंतरची तारीख होती आणि अक्षर ओळीवरून घसरलेलं होतं. तिने सातवं काडतूस खणात सोडलं तेव्हा ते शेजारच्यांपेक्षा डोकं वर काढून राहिलं. तिने दाबून पाहिलं. ते तळाला टेकलेलंच होतं. नववं बुटकं होतं. अकराव्याच्या घड्या मधे मिटलेल्याच नव्हत्या. तिने ते आडवं केलं तर कागदावर तीन छरे पडले आणि घरंगळत टेबलाच्या कडेला गेले.

हे असं का, ते समजायला वेळ लागला नाही. पहिला बार प्रत्येक तबकडीला होतोच, दुसरा फक्त चुकली तर. खालच्या नळीची काडतुसं संपत राहायची आणि नवी भरावी लागायची. 'वर'ची तीन-चार वर्षांपूर्वीची होती. 'खाली'ची ही शेवटची.

सुजय पाण्याची बाटली घेऊन आला आणि मागे उभा राहिला.

"बाबांचा हात कापायचा का?" तिने विचारलं.

"राइट वाला. दिवाली के बाद से. चाय आधा कप ही भरवाते थे." मग तो म्हणाला, "तुमको बताने से मना किया था. बोले, कोल्हापूरला कशाला कळवायचं."

शेवटचं वाक्य त्याने बाबांचं होतं तसंच सांगितलं. शर्मिष्ठाने छरे वेचून वाटीत टाकले.

"तो डिब्बा बंद कर दो," सुजय म्हणाला. "ऊपर से पट्टी चिपका दो. रिज़वी अंकल एक-एक निकालकर थोड़े देखेंगे."

"मला बंदुकीत घालायची आहेत."

"जो ठीक हैं, वो डालना."

"ठीक कोणतं, ते आता ठरवायचं. तेव्हा नाही."

रेंजवर बाबांचा एक नियम होता आणि त्याला मुली फार वैतागायच्या. शंका आली की बाहेर. काडतूस चांगलं असेल की नाही, यावर चर्चा नाही. शंका आली, एवढंच कारण पुरे. शर्मिष्ठाच्या स्वतःच्या खोक्यातली अर्धी काडतुसं त्यांनी एकदा अशी बाहेर काढली होती आणि ती दिवसभर रुसली होती. तिने तिसरा डबा पूर्ण ओतला, मग चौथा. एकेक हातात घेतलं, तोंड पाहिलं, उंची पाहिली, कानाशी धरून हलवलं. चौथ्यातली काही अगदी नीट होती. मन लावून, श्वास रोखून केल्यासारखी. ती तिने पुन्हा पुन्हा पाहिली. त्यांतली बरीच ठेवली. काही ठेवावीशी वाटत होती, आणि नेमकं तसं वाटतंय म्हणून बाहेर काढली.

'खाली'ची एकशे शहाण्णव होती. एकशे पंचवीस पाच डब्यांत बसली. एकाहत्तर बाहेर राहिली. अख्तरभाईंचे तीन डबे उरले होते. तिने ती त्यांतच उभी केली. उघडी कुठे ठेवणार? मग लेबलं लिहिली. 'ऊपर की नली', 'नीचे की नली', तारीख, छऱ्याचा नंबर. सगळं हिंदीत. लिहिताना सुजयने एका शब्दाची वेलांटी सुधारून दिली. शेवटच्या तीन डब्यांवर तिने रिझवींचाच शब्द लिहिला: तलफ़.

शनिवारी अकरा वाजता रिझवींनी पहिला पांढरा डबा उघडला, नाकाशी नेला आणि भुवया वर केल्या.

"केवड़ा! ये कहाँ से बनवाए?"

"अमीनाबाद. चालीस का एक."

"चालीस!" त्यांनी आपल्या हिरव्या डब्यांच्या कपाटाकडे एकदा पाहिलं आणि पत्ता लिहून घेतला. मग पंधरा डबे एकामागून एक उघडून पाहिले, पट्टी लावली, पुस्तकात नोंद केली. तीनशे त्रेसष्ट. प्रत्येक डब्यातलं एकतरी काडतूस त्यांनी काढून पाहिलंच. सुजयने तिच्याकडे पाहिलं नाही.

मग त्यांनी बाजूचे तीन डबे ओढले. वरचं लेबल वाचलं. एक काडतूस बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ये साहब के हाथ का नहीं है," ते म्हणाले.

"उन्हीं के हाथ का है," शर्मिष्ठा म्हणाली.

रिझवींनी काडतूस पुन्हा न्याहाळलं. मग त्याच्याच खणात, होतं तसं ठेवलं.

"एक-आध खोल के, बारूद निकाल के दे दूँ? ख़ाली खोखा. निशानी के तौर पर."

"नको," ती मराठीत म्हणाली, आणि मग हिंदीत. "नहीं. सब दे दीजिए."

त्यांनी कागद काढला. नष्ट करायच्या मालाचा वेगळा कागद होता, त्यावर देणाऱ्याची सही लागत होती. ते डब्यांतल्या रांगांवरून पेनाचं टोक फिरवत मोजत गेले, आणि त्यांच्याबरोबर तीही मनात मोजत गेली. तिसऱ्या डब्यात शेवटचे चार खण मोकळे होते.

"इकहत्तर," रिझवी म्हणाले.

"एकाहत्तर," ती म्हणाली आणि सही करायला कागद जवळ ओढला.